कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपतात: दोष पाण्याचा, हवेचा की मातीचा?

सांजवात (पुणे), २६ एप्रिल

जानेवारीत मी रोपवाटिकेतून कॅलेथिया ऑर्बिफोलियाचे एक रोप आणले. पसरट, जवळजवळ गोल पाने आणि त्यांवर चंदेरी-हिरवे पट्टे असलेले हे झाड आम्ही दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीपासून चार फुटांवर ठेवले आहे, त्यामुळे त्याला उजेड भरपूर मिळतो आणि थेट ऊन लागत नाही. पहिले सहा आठवडे ते उत्तम होते. मार्चच्या मध्यापासून पानांची टोके तपकिरी होऊ लागली. आता नऊपैकी सात पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत झाल्या असून नवीन पानाची सुरळी अर्धवट उलगडून तशीच अडकली आहे.

मी रोज सकाळी थोडे पाणी घालते आणि दिवसातून तीनदा पानांवर फवारा मारते. आमच्या सोसायटीला कूपनलिकेचे आणि टँकरचे पाणी येते, पण गेल्या वर्षी सॉफ्टनर बसवल्यामुळे ते आता जड राहिलेले नाही. खत अजून एकदाही दिलेले नाही. माझी सहा वर्षांची मुलगी रोज दिवेलागणीला या झाडाची पाने मिटून उभी राहताना बघते आणि "झाड शुभंकरोति म्हणते आहे" असे सांगते. तिच्यासमोर हे झाड मरू नये असे मला मनापासून वाटते. ज्यांनी हे झाड घरात दोन-तीन वर्षे टिकवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानजाई (मुंबई), २६ एप्रिल

माझ्याकडे कॅलेथियाच्या तीन जाती चार वर्षांपासून आहेत आणि मी त्यांना नळाचेच पाणी घालते. पुण्याची एप्रिलमधली कोरडी हवा हेच आपल्या झाडाच्या त्रासाचे कारण असावे. ही झाडे दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढतात, त्यामुळे त्यांना दमट हवा लागते. मुंबईत ती आपोआप मिळते.

वैनगंगा (नागपूर), २७ एप्रिल

रानजाईताईंशी मी सहमत आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. पहिल्या उन्हाळ्यात मी कॅलेथिया वातानुकूलित खोलीत ठेवले होते. तिथे गारवा होता, पण हवा आणखी कोरडी झाली आणि तीन आठवड्यांत सगळी पाने कडेने वळली. दुसऱ्या वर्षी तेच झाड मी कूलर असलेल्या खोलीत हलवले. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा त्याला मानवली, मात्र कूलरचा झोत सरळ पानांवर येऊ दिला नाही. विदर्भातल्या वाचकांना मी हाच उपाय सुचवीन.

फवाऱ्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. फवारलेले पाणी उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत उडून जाते आणि खोलीची आर्द्रता होती तिथेच येते. मी साध्या आर्द्रतामापकाने हे अनेकदा पाहिले आहे.

मृद्गंध (नाशिक), २७ एप्रिल

सांजवातताई, आपल्या लिखाणातला सॉफ्टनरचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढून टाकत नाही. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे साबणाला फेस येतो, नळांवर पांढरे थर जमत नाहीत आणि पाणी सुधारले असे आपल्याला वाटते. झाडाच्या दृष्टीने पाहिले तर विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहते आणि जे राहते त्यात सोडियम वाढलेले असते. कॅल्शियम निदान झाडाच्या उपयोगी पडते. सोडियम बहुतेक झाडांना नको असते आणि साचत गेले की ते मुळांना पाणी शोषू देत नाही. म्हणजे कुंडी ओली असूनही झाड तहानलेले राहते. आपण घरातून निघताना पाने हिरवी असतात आणि परत येतो तेव्हा कडा करपलेल्या दिसतात, असे यात होत नाही. क्षार हळूहळू साठतात आणि दीड-दोन महिन्यांनी पानांवर दिसतात. आपण सांगितलेला काळ याच्याशी जुळतो.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातले भूजल बऱ्याच ठिकाणी जड असते. रानजाईताईंच्या मुंबईला धरण-तलावांचे पाणी मिळते आणि त्यात क्षार कमी असतात. दोन शहरांच्या हवेत जसा फरक आहे तसा पाण्यातही आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय एकीकडचा अनुभव दुसरीकडे लागू करता येणार नाही.

दोन गोष्टी तपासाव्यात. कुंडीच्या आतल्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरट थर आहे का, ते पाहावे. दुसरे म्हणजे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, मोजणारी पेनाएवढी यंत्रे बाजारात स्वस्तात मिळतात, त्यांतल्या एकाने नळाचे पाणी मोजावे.

अंगण (सातारा), २८ एप्रिल

मृद्गंध, मी आपल्या मताचा आदर करतो, पण एवढ्या मोजमापाची आवश्यकता मला पटत नाही. आमच्या घरी विहिरीचे पाणी आहे. त्यावर मनीप्लांट, अ‍ॅग्लोनेमा, सर्पपर्णी आणि क्रोटन वीस वर्षे वाढत आहेत आणि एकाही पानाची कड करपलेली नाही. झाडाला रोज हात लावावा आणि पाने पुसावीत, ते सगळ्या पाण्याशी जुळवून घेते.

मृद्गंध (नाशिक), २८ एप्रिल

अंगणदादा, आपली चारही झाडे काटक आहेत आणि त्यांच्याबाबत आपला अनुभव शंभर टक्के खरा आहे. मनीप्लांट आणि कॅलेथिया शेजारी ठेवून मी एकच पाणी दोघांना घातले आहे. मनीप्लांटची वेल भिंतभर पसरली आणि कॅलेथियाची टोके दोन महिन्यांत जळाली. कॅलेथियाच्या कुळातली झाडे क्षारांना आणि विशेषतः फ्लोराइडला फार हळवी असतात. म्हणूनच या झाडांना सिंगल सुपर फॉस्फेट हे खत घालू नये असे मी सांगतो, कारण त्यात फ्लोराइडचा अंश असतो.

प्राजक्ता_शिक्षिका (कोल्हापूर), २९ एप्रिल

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. टोके आणि कडाच आधी का करपतात, याचे कारण सांगते. मुळांनी घेतलेले पाणी शिरांमधून पानाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथून वाफ होऊन उडते. पाण्याबरोबर आलेले क्षार उडत नाहीत, ते प्रवाहाच्या शेवटच्या ठिकाणी म्हणजे टोकाला आणि कडेला साठत जातात. माती ओली आणि रात्रीची हवा दमट असेल तर पहाटे पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसतात. त्याला बिंदुस्राव म्हणतात. ते दव नसून झाडाच्या आतून आलेले पाणी असते आणि वाळल्यावर आपले क्षार तिथेच सोडते. आता यात कोरड्या हवेची भर घाला. बाष्पोच्छ्वास वाढतो, झाड जास्त पाणी ओढते आणि त्याबरोबर जास्त क्षार येतात. त्यामुळे रानजाई आणि मृद्गंध या दोघांचेही म्हणणे एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

सांजवातताईंच्या मुलीसाठी थोडे अधिक. या झाडाच्या देठाला जिथे पान जोडलेले असते तिथे एक किंचित फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरते आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतले कमी होते, त्यामुळे संध्याकाळी पान उभे राहते आणि सकाळी पुन्हा आडवे होते. आपल्या परिचयाचे आरारूट ज्या झाडाच्या कंदापासून काढतात ते याच कुळातले आहे. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरचे आपले निष्कर्ष १८८० साली प्रसिद्ध केले, त्यांत आरारूटच्या झाडाच्या या झोपेचीही नोंद आहे. केळ, कर्दळ, हळद, आले आणि सोनटक्का हे सारे याच गणातले, म्हणजे कॅलेथियाचे दूरचे नातेवाईक आहेत. नवीन पान सुरळीतून उलगडते ते याच नात्यामुळे. मुलीला केळीचा कोंब आणि ही सुरळी शेजारी ठेवून दाखवावी.

नावाबद्दलही सांगते. २०१२ साली झालेल्या अभ्यासानंतर कॅलेथियाच्या बहुतेक जाती गोएपर्टिया या प्रजातीत गेल्या आहेत. ऑर्बिफोलियाही त्यांतच आहे. रोपवाटिकांत मात्र जुनेच नाव चालते, आणि या धाग्यावरही तेच वापरलेले बरे.

सांजवात (पुणे), ३० एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. टीडीएस मोजला. नळाच्या पाण्यात लिटरला ७८० मिलिग्रॅम, स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या पाण्यात ५५. कुंडीच्या काठावर बोटभर रुंदीचा पांढरा थर आहे, तो मी इतके दिवस रोपवाटिकेतल्या खताचा अंश समजत होते. सॉफ्टनरमुळे पाणी झाडांना चांगले झाले, ही माझी पक्की समजूत होती.

दुर्वांकुर (ठाणे), ३० एप्रिल

आरओ यंत्रातून जे पाणी नळीने बाहेर टाकले जाते ते वाया जाऊ नये म्हणून आम्ही बादलीत साठवून झाडांना घालतो. ते चालेल का?

मृद्गंध (नाशिक), ३० एप्रिल

कॅलेथियाला ते अजिबात घालू नये. यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या बाहेर टाकलेल्या पाण्यात एकवटलेले असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही खारे असते. फरशी पुसायला आणि शौचालयात ते वापरता येईल.

याच ओघात आणखी दोन समजुतींबद्दल लिहितो. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने त्यातला क्लोरीन उडतो, क्षार आणि फ्लोराइड उडत नाहीत. पाणी उकळल्याने तळाशी थोडा चुना बसतो, पण सोडियम आणि फ्लोराइड तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. कॅलेथियासाठी पावसाचे पाणी सर्वोत्तम, आणि ते नसेल तेव्हा आरओचे. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणीही मी वापरतो, कारण ते हवेतल्या वाफेचेच पाणी असते. मात्र यंत्राची जाळी आणि तबक स्वच्छ असावे. नुकतीच रसायनाने सफाई झाली असेल तर पुढचे काही दिवस ते पाणी घेऊ नये.

कुळागर (फोंडा, गोवा), २ मे

आमच्या कुळागरात पोफळींच्या सावलीला कॅलेथियाच्या दोन जाती जमिनीतच लावलेल्या आहेत. त्यांना आम्ही वेगळे काहीही करत नाही. झऱ्याचे पाणी पाटाने येते, खाली झावळ्यांचा आणि पानांचा कुजलेला थर असतो आणि ऊन फक्त कवडशांतून पडते. तीन वर्षांत एका रोपाचे बेट झाले आहे. घरातल्या कुंडीत हे झाड लावताना आपण याच जमिनीची नक्कल करतो आहोत हे लक्षात ठेवले तर निम्मे प्रश्न सुटतात, कारण तिथली माती कायम ओलसर असली तरी ती कधीच चिखलासारखी नसते आणि बोट सहज आत जाते.

ताई, आपल्या कुंडीत नेमके काय भरलेले आहे? रोज पाणी घालणे मला शंकास्पद वाटते. सुरळी अडकण्यामागे कोरडी हवा असू शकते, पण मुळे कुजलेली असली तरीही तसेच होते.

कोकोपीट वापरणार असल्यास एक सावधगिरी घ्यावी. नारळाच्या काथ्यापासून बनलेल्या कोकोपीटच्या विटेत मूळचेच मीठ असू शकते. ती भिजवून, पिळून, पाणी फेकून देऊन असे दोन-तीनदा धुतल्याशिवाय या झाडाला वापरू नये.

अंगण (सातारा), २ मे

कुळागर यांचे शेवटचे वाक्य मला नवीन आहे. मी कोकोपीट कधीच धुतलेले नाही. पाण्याबाबतही, कॅलेथिया मी स्वतः वाढवलेले नसताना इतर झाडांवरून निष्कर्ष काढला, तो मागे घेतो.

हिमशिखर (टोरांटो, कॅनडा), ४ मे

आमच्याकडे हा प्रश्न उलट ऋतूत येतो. नोव्हेंबरपासून घर गरम ठेवणारी यंत्रणा सतत चालू असते आणि घरातली हवा इतकी कोरडी होते की माणसांचेही ओठ फुटतात. शिवाय इथे दातांच्या आरोग्यासाठी शहराच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळतात. माझ्या दोन कॅलेथिया पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. तिसरी पाच वर्षे जिवंत आहे, कारण झाडांच्या कोपऱ्यात बाष्पयंत्र लावून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर ठेवतो आणि साठवलेले बर्फाचे वितळलेले पाणी खोलीच्या तापमानाला आणून घालतो. पुण्याच्या वाचकांनी डिसेंबरच्या रात्रींकडेही लक्ष द्यावे. पंधरा अंशांच्या खाली हे झाड कष्टी होते, त्यामुळे थंड काचेला पाने टेकू देऊ नयेत.

सांजवात (पुणे), ९ मे

कुळागर यांच्या प्रश्नामुळे आज धीर करून झाड कुंडीतून बाहेर काढले. वरचा इंचभर थर कोकोपीटचा होता आणि खाली मुठीएवढा लाल मातीचा घट्ट गोळा होता, रोपवाटिकेतल्या पिशवीत होता तसाच. गोळ्याच्या बाहेरची माती ओलीचिंब होती आणि आतला भाग चक्क कोरडा होता. म्हणजे रोजचे पाणी बाहेरूनच वाहून खाली जात होते. बाहेरची मुळे काळी पडलेली आणि बोटांत धरताच साल निघून येणारी होती, आतली थोडी पांढरी आणि टणक होती. कंद मात्र घट्ट आहे. आता पुढे काय करावे?

कुळागर (फोंडा, गोवा), ९ मे

कंद घट्ट असेल तर झाड वाचेल. लाल माती आरओच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने सोडवावी, ओढू नये. काळी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. मुळे कमी झाल्यामुळे सर्वांत करपलेली तीन-चार पानेही तळाशी कापून टाकावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार कमी पडेल. कुंडी मोठी घेऊ नये, उरलेल्या मुळांच्या भोवती दीड-दोन बोटे जागा राहील एवढीच घ्यावी आणि तिला तळाशी भोके हवीत. धुतलेले कोकोपीट दोन भाग, चाळलेले पानांचे खत एक भाग आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग असे मिश्रण मला योग्य वाटते. पर्लाइट न मिळाल्यास जाळलेला भाताचा तूस घ्यावा. नंतर रोज पाणी न घालता बोट घालून पाहावे, वरचा इंचभर थर सुकला असेल तेव्हाच खालून निथळेपर्यंत घालावे आणि ताटलीतले पाणी ओतून द्यावे. दोन महिने खत अजिबात नको.

आणि पाने सगळी वाळली तरी कुंडी फेकू नये. हळदीचे पान हिवाळ्यात वाळते आणि जमिनीतला गड्डा पावसाबरोबर पुन्हा कोंब धरतो, तसे हे झाडही कंदावरून उठलेले मी पाहिले आहे.

मनीमाऊ (पुणे), १२ मे

आमच्या घरी दोन मांजरी आहेत आणि त्या पाने चावतात. कॅलेथिया ठेवले तर चालेल का?

प्राजक्ता_शिक्षिका (कोल्हापूर), १२ मे

कॅलेथिया मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही. डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा आणि मनीप्लांट यांच्या पानांत मात्र कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे तोंडाची आग होते आणि सूज येते. ती झाडे मांजरींच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.

वैनगंगा (नागपूर), १५ मे

उन्हाळ्यात आणखी एका गोष्टीची तपासणी करावी. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले आणि पानामागे शिरांजवळ अगदी तलम जाळी दिसली तर ते लाल कोळी असतात. कोरड्या गरम हवेत ते झपाट्याने वाढतात. कोळी हा कीटक नसल्यामुळे साधी कीटकनाशके त्यावर बहुधा उपयोगी पडत नाहीत. मी झाड न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुते आणि नंतर कडुनिंबाच्या तेलाचे पाच मिलिलिटर, द्रव साबणाचे काही थेंब आणि एक लिटर पाणी यांचे मिश्रण संध्याकाळी मागून फवारते. दर पाच-सहा दिवसांनी असे तीन-चार वेळा करावे लागते, कारण पहिल्या फवारणीत अंडी उरतात. पूर्ण झाडावर फवारण्याआधी एका पानावर दोन दिवस परीक्षा घ्यावी.

सांजवात (पुणे), १७ ऑगस्ट

तीन महिन्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मे महिन्यात पुनर्लागवडीनंतर झाडावर पाचच पाने उरली आणि त्यांतली तीन जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेली. त्या दिवसांत पाने संध्याकाळी उभीही राहात नव्हती. मुलगी रोज विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचे. पहिला जोरदार पाऊस झाला तेव्हा पहिली वीस मिनिटे जाऊ देऊन, गच्चीवरची धूळ धुऊन निघाल्यावर, स्वच्छ पिंपात पाणी धरले. त्याचा टीडीएस १८ आला. त्यानंतर फक्त तेच पाणी, आठवड्यातून दोनदा. जून संपता संपता कंदाजवळून एक कोंब वर आला आणि १२ जुलैला त्याची सुरळी पूर्ण उलगडली. आज अशी चार नवीन पाने आहेत आणि चारांपैकी एकाचीही कड करपलेली नाही. जुन्या दोन पानांच्या कडा अर्थातच तशाच आहेत.

माझा मूळ प्रश्न होता की दोष कशाचा. माझ्या झाडापुरते उत्तर असे की मुळे लाल मातीच्या गोळ्यात अडकली आणि कुजली, उरलेल्यांना सॉफ्टनरच्या पाण्यातले क्षार नडले, आणि मार्चनंतरच्या कोरड्या हवेने हे सारे पानांवर उघड केले. मी ज्यावर सर्वांत जास्त मेहनत घेत होते तो फवारा जवळजवळ निरुपयोगी होता.

आता एकच शंका आहे. पावसाळा संपल्यावर हे पाणी किती साठवावे लागेल? आणि खत केव्हा सुरू करू?

मृद्गंध (नाशिक), १७ ऑगस्ट

फार आनंद झाला. खत आता देता येईल. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारखेच असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा, ऑक्टोबरपर्यंत, आणि नंतर थेट पुढच्या जूनमध्ये. दर दोन महिन्यांनी एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पावसाचे किंवा आरओचे पाणी हळूहळू ओतून सर्व निथळू द्यावे, म्हणजे खताचे क्षार साठणार नाहीत.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. आपल्या आकाराच्या कुंडीला एका वेळी अर्धा लिटर, म्हणजे आठवड्याला एक लिटर पुरते. ऑक्टोबर ते मे हे साधारण पस्तीस आठवडे होतात. वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून, घट्ट झाकण लावून, अंधाऱ्या जागी ठेवावेत. झाकण सैल राहिले तर डास अंडी घालतात आणि उजेडात शेवाळ धरते. कुंडी धुण्यासाठी मात्र आरओचेच पाणी वापरावे, नाहीतर साठा पुरणार नाही.

सांजवात (पुणे), १८ ऑगस्ट

दोन कॅन आजच धुऊन गच्चीवर ठेवले आहेत. काल संध्याकाळी चारही नवीन पाने मिटून उभी राहिली, तेव्हा मुलीने देवाजवळचे निरांजन लावायला मला थोडे थांबवले आणि आधी झाडाकडे नेले.